रक्त कमी आहे, पण जातंय कुठे?

मार्च उजाडला की शहरातल्या मोठ्या रुग्णालयांच्या जाहिराती निळ्या होतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरविषयी जागृतीचा हा महिना. त्यामुळे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी कोलोनोस्कोपीची सवलतीची पॅकेजं, डॉक्टरांच्या मुलाखती, बैठ्या जीवनशैलीवर चार उपदेश. बहुतेकदा याच दिवसांत फाल्गुनी पौर्णिमा येते आणि त्याच वर्तमानपत्रांत नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या, सातपुड्यात वसलेल्या काठीच्या राजवाडी होळीचे फोटो छापून येतात. मोरपिसांचे उंच टोप, कमरेला सुके दुधी भोपळे, रात्रभर ढोल आणि पहाटे पेटणारा बांबूचा उंच दांडा. ही परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. फोटो देखणे असतात, म्हणून छापले जातात. काठीतल्या माणसाचं पोट मात्र कुठल्याच पानावर येत नाही.

ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली तर एक प्रश्न पडतो. शहरात ही तपासणी ज्या कारणासाठी खपवली जाते, त्याच कारणासाठी ती सातपुड्यात हवी आहे का? माझं उत्तर नाही असं आहे. सातपुड्यात ती हवीच आहे, पण कारण वेगळं आहे, आणि त्या कारणाची जाहिरात कुणी करत नाही.

कोलोनोस्कोपी म्हणजे काय हे सांगण्यात जागा घालवत नाही. शहरी वाचकाच्या नात्यागोत्यात एकाची तरी झालेली असते. पण अनेकांचा समज असा की ही नुसती आत डोकावून बघायची तपासणी. खरी करामत बघण्यात नाही, हातात आहे. जेमतेम बोटाएवढ्या जाडीच्या त्या लांब नळीत दिवा आणि कॅमेऱ्याच्या शेजारून तीन-चार मिलिमीटरची एक पोकळ वाट जाते. त्या वाटेनं डॉक्टर आत हत्यारं सोडतो. संशयाच्या जागेचा कण तोडून आणणारा छोटा चिमटा, वाढलेली गाठ, म्हणजे पॉलिप, मुळापासून कापणारा तारेचा फास, सपाट गाठीखाली पाणी भरून तिला उचलून धरणारी सुई, रक्त वाहिलं तर जागा आवळून धरणारी क्लिप. तुकडा काढणं आणि गाठ काढणं ही दोन कामं वेगळी. पहिल्यात प्रश्नाचा नमुना बाहेर येतो, दुसऱ्यात प्रश्नच बाहेर येतो. आतड्याच्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही. दुखतं ते हवा भरल्यानं आणि नळीनं आतडं ताणल्यानं. म्हणून गुंगीचं औषध देतात.

या हत्यारांचा इतिहास थोडा आपलाही आहे. प्रकाशाला वाकड्या वाटेनं नेणाऱ्या काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येतं, हे १९५४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत दाखवून देणारे नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचे. तीनेक वर्षांत अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी त्याच तत्त्वावर जठरात बघणारी लवचीक दुर्बीण केली. मोठं आतडं मात्र दाद देईना. ते दीड मीटर लांब, त्यात डावीकडचा भाग सैल आणि वळणावळणाचा. सातपुड्यातल्या देवगोई घाटात जीप हाकणाऱ्याला ही अडचण लगेच समजेल: मागून रेटा दिला की पुढे जाईलच असं नाही, वळणावर अंदाज घेऊन आधी थोडं मागे यावं लागतं.

इथे हिरोमी शिन्या हा गृहस्थ येतो, आणि त्याच्यावर जरा रेंगाळणं भाग आहे. १९३५ साली जपानमधल्या फुकुओका प्रांतात जन्मलेला हा तरुण सर्जन १९६३ साली न्यूयॉर्कला गेला आणि बेथ इस्रायल रुग्णालयात शिकू लागला. त्या काळी मोठ्या आतड्यात वरच्या भागात एखादी गाठ क्ष-किरणात दिसली तर ती काढायला सरळ पोट उघडावं लागे. गाठ साधी निघाली तरी पोट फाडलेलंच. बरं, ती साधी आहे की नाही हे कळायचा दुसरा मार्गही नव्हता. शिन्यानं कागदावर तारेच्या फासाचं चित्र काढलं. दुर्बिणीच्या पोकळ वाटेतून फास आत न्यायचा, गाठीच्या देठाभोवती आवळायचा, तारेतून वीज सोडून देठ कापतानाच रक्तवाहिनी भाजून बंद करायची. सप्टेंबर १९६९ मध्ये त्यानं विल्यम वुल्फ यांच्या सोबतीनं पोट न उघडता पहिली गाठ अशी काढली. नळी आत सरकवायला तेव्हा दोन माणसं लागत. डाव्या हातानं चाकं फिरवत उजव्या हातानं नळी चालवायची एकट्याची पद्धतही त्यानंच रुळवली. आज नंदुरबारपासून न्यूयॉर्कपर्यंत कुणीही डॉक्टर ही नळी ज्या तऱ्हेनं धरतो, ती शिन्याची.

उत्तरायुष्यात याच शिन्यानं एन्झाइमच्या नावाखाली आहारावर पुस्तकं लिहिली, जपानात ती तुफान खपली, आणि कॉफीचा एनिमा घेण्याचा सल्लाही लोकांपर्यंत गेला. त्याला धड पुरावा नाही. फास मात्र पुराव्यासकट उभा आहे. १९९३ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय पॉलिप अभ्यासानं ज्यांच्या गाठी काढल्या अशा १,४१८ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा अपेक्षेच्या तुलनेत कॅन्सरचं प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटलेलं दिसलं. तुलना तितकीशी कडक नव्हती, पण दिशा पक्की होती. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा आधी अशा साध्या गाठीच्या रूपात वर्षानुवर्षं बसून असतो, दहा-दहा वर्षंसुद्धा. बहुतेक गाठी कधीच कॅन्सर होत नाहीत. कोणती होणार हे आधी कळत नाही, म्हणून दिसेल ती काढायची.

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडन १९ नोव्हेंबर २०२१ रोजी या तपासणीसाठी गुंगीत गेले, तेव्हा ८५ मिनिटं कमला हॅरिस यांच्याकडे अध्यक्षपदाचे अधिकार होते. निघाली तीन मिलिमीटरची एक गाठ, साधी. १९८५ मधलं अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं प्रकरण जास्त बोलकं आहे. मार्चमध्ये त्यांच्या विष्ठेत रक्ताचा अंश सापडला होता, पण संपूर्ण आतड्याची तपासणी व्हायला जुलै उजाडला. आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला मोठी गाठ निघाली, दोनेक फूट आतडं कापावं लागलं, आणि गाठीत कॅन्सर होता. जगातल्या सर्वांत राखलेल्या पोटाची ही कथा.

आता काठीकडे येऊ.

समजा काठीच्या एखाद्या पाड्यावरचा पंचावन्न वर्षांचा माणूस आहे. थकवा आहे, चढ चढताना धाप लागते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या. तालुक्यातल्याच मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासलं, सात निघालं. पुढे काय होतं? लोहाच्या गोळ्या मिळतात, कधी रक्ताची बाटली चढते, आणि कारणाच्या रकान्यात बहुतेकदा एक तयार उत्तर बसतं: सिकलसेल, नाहीतर कुपोषण, नाहीतर मूळव्याध. तिन्ही उत्तरं या भागात खोटी नाहीत, आणि गोची तिथेच आहे. जिथे रक्त कमी असण्याला इतकी कारणं हजर असतात, तिथे आणखी एक कारण शोधावं असं कुणाला वाटत नाही.

सिकलसेलबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्यांना आई-बाप दोघांकडून जनुकातला दोष मिळाला, त्यांना आजार असतो आणि रक्त कमी असतंच. पण ज्यांना एकाकडूनच मिळाला, म्हणजे जे नुसते वाहक आहेत, त्यांचं रक्त त्यामुळे कमी होत नाही. वाहकाच्या कार्डावर बोट ठेवून 'तुम्हाला सिकल आहे, म्हणून रक्त कमी' असं सांगितलं, तर ते साफ चुकीचं आहे. आणि गावात असं सांगणारे कमी नाहीत.

सरकारी योजना पाहा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी, वयोगट शून्य ते चाळीस. ॲनिमियामुक्त भारत ही २०१८ ची मोहीम बालकं, किशोरवयीन मुलंमुली, गर्भवती, स्तनदा माता आणि प्रजननक्षम वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी. दोन्ही मोहिमांचा वयोगट ठरवण्यामागचं कारण योग्य आहे. पण दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले की मधे एक मोकळी जागा दिसते, आणि तिथे पन्नाशीचा पुरुष व पाळी गेलेली बाई बसलेली असते. कॅन्सरच्या सरकारी तपासणीत तीन जागा आहेत: तोंड, स्तन, गर्भाशयमुख. आतडं तिथेही नाही. म्हणजे या माणसाचं रक्त सात का झालं, हे विचारणं कुठल्याही रजिस्टरचं काम नाही.

वैद्यकशास्त्राचा नियम साधा आहे. पाळी येणाऱ्या बाईत लोहाची कमतरता सहज समजते. पुरुषात आणि पाळी गेलेल्या बाईत लोह कमी झालं, तर ते कुठून तरी गळतंय असं आधी धरायचं. आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ असेल तर रक्त थेंबाथेंबानं जातं, विष्ठेत मिसळून जातं, डोळ्यांना काही दिसत नाही. दुखत नाही, शौचाची सवयही फारशी बदलत नाही, कारण तिथे आतडं रुंद असतं. वर्षभर चाललेल्या या गळतीची बातमी फक्त हिमोग्लोबिन देतं. डाव्या बाजूची गाठ निदान रक्त दाखवते. पण तिच्यासाठी 'मूळव्याध-भगंदर' लिहिलेल्या पाट्या प्रत्येक बाजारपेठेत टांगलेल्या आहेतच. बोट घालून तपासल्याशिवाय मूळव्याधीचं औषध देणारा माणूस, मग तो पदवीवाला असो की बिनपदवीचा, मला धोकादायक वाटतो.

म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या प्रत्येकाला नळी घाला, असं मी म्हणत नाही. सातपुड्यात आधी हुकवर्म बघायचे, जंताचं औषध द्यायचं, लोहाची साठवण मोजायची, सिकल खरा आहे की नुसता वाहक ते बघायचं. एवढं करून पन्नाशीच्या माणसाच्या गळतीला कारण सापडलं नाही, की मग दुर्बीण. अशी माणसं एका तालुक्यात फार नसणार.

आणि तिथे दुर्बिणीतून काय सापडेल? पॅकेजवाल्यांना वाटतं ती पॉलिप फारशी नाही. भारतात या गाठी पाश्चात्त्य देशांपेक्षा कमीच सापडतात. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदवही चालते. तिच्यातही मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे आकडे खालीच राहिले आहेत. मात्र जे रुग्ण सापडतात ते तरुण असतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे येणाऱ्यांचं सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे. पण सातपुड्यात लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याशी जखम दिसली, तर पहिली शंका टीबीची. आतड्याचा टीबी, क्रोन्स नावाचा आजार, अमीबाची जखम आणि कॅन्सर, ही चारही नुसत्या डोळ्यांना सारखी दिसू शकतात. अमीबामुळे तर कधी असा गोळा होतो की अनुभवी डॉक्टरही कॅन्सर म्हणून चालतो. इथे निकाल देतो तो तुकडा. जखमेच्या कडेचे पाच-सहा कण चिमट्यानं घ्यायचे. काही फॉर्मालिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघायला, काही टीबीच्या जनुकीय चाचणीला आणि जंतू वाढवून बघायला. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्या कणातून जंतू वाढवता येत नाही, हे विसरलं की अर्धी तपासणी वाया. टीबीची औषधं सहा महिन्यांत बरं करतात. क्रोन्स समजून त्याच माणसाला स्टेरॉइड दिलं तर टीबी उसळतो. शहरात बायोप्सी हे पॉलिपचं शेपूट असतं, काठीच्या माणसासाठी तीच मुख्य गोष्ट आहे.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती पुण्यातही आहे आणि पाड्यावरही. आतड्याच्या चिमट्यानं घेतलेला कण अस्तराच्या वरच्या थरातला, दोन-तीन मिलिमीटरचा असतो. त्यानं कॅन्सर पसरत नाही. निदान लांबलं तर मात्र पसरतो. खरे धोके वेगळे आहेत. आतड्याला भोक पडणं, साधारण हजारात एकाला किंवा त्याहून कमी. गाठ काढल्यावर रक्तस्राव, कधी दोन आठवड्यांनीसुद्धा. शहरात रात्री रक्त आलं तर तासाभरात रुग्णालय. पाड्यावरून आजही आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. मोठी गाठ काढलेल्या माणसाला चार दिवस अक्कलकुव्यात किंवा नंदुरबारला नातेवाइकांकडे ठेवणं, हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

पूर्वतयारीचंही तसंच. दोन लिटर पाण्यात पावडर कालवून प्यायची, शक्यतो अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी पहाटे, मग पोट पाण्यासारखं साफ होईपर्यंत पळापळ. माहितीपत्रकावर 'घरी आरामात घ्या' असं असतं. ज्या घरात शौचालय नाही, उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणायचं, आणि सकाळी घाट उतरून जायचं, तिथे हे वाक्य लिहिणाऱ्यानं एकदा तसा प्रवास करावा. अशा रुग्णाला आदल्या दिवशी दाखल करूनच घ्यायला हवं. त्यातून सिकलचा आजार असेल तर जुलाबानं अंगातलं पाणी कमी होऊन तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो; सलाइन आधीपासून चालू ठेवावं लागतं. मुंबईच्या मार्गदर्शक पत्रकात ही ओळ सहसा नसते. नंदुरबारच्या पत्रकात ती पहिली हवी.

मग तपासणीची चाळणी काय असावी? इथे पॅकेजवाल्यांचा पुरावाही जरा तपासून घेऊ. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमध्ये सुमारे ८५ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. कोलोनोस्कोपीचं आमंत्रण मिळालेल्यांत दहा वर्षांत कॅन्सर १८ टक्क्यांनी कमी, पण मृत्यूंमध्ये ठळक फरक नाही. आमंत्रण मिळूनही निम्म्याहून अधिक गेलेच नव्हते, हेही खरं. मग २०२५ मध्ये स्पेनमधून निकाल आला: विष्ठेतलं रक्त तपासणारी साधी चाचणी दर दोन वर्षांनी केली, तर आतड्याच्या कॅन्सरच्या मृत्यूंबाबत ती कोलोनोस्कोपीच्या मागे पडत नाही, आणि लोक तिला जास्त तयार होतात. दुर्बीण फक्त चाचणी सकारात्मक आलेल्यांना. ही नवी चाचणी मानवी हिमोग्लोबिनच ओळखते, त्यामुळे आदल्या दिवशी बोकड खाल्ला म्हणून फसत नाही. मेच्या उन्हात नमुना पडून राहिला तर मात्र रक्ताचा अंश नष्ट होतो आणि चाचणी खोटा दिलासा देते. सातपुड्यात ती करायची तर थंडीत करा, आणि नमुना त्याच दिवशी थंड ठिकाणी पोचवा.

हिमोग्लोबिनची तपासणी मात्र होळीतही करता येईल. गुजरातेत ऊसतोडीला आणि सुरतेला मजुरीला गेलेली माणसं होळीला परततात. एरवी पाड्यावर न सापडणारा पन्नाशीचा पुरुष तेव्हा गावात असतो. बोटाला सुई टोचायला मिनिट पुरतं. आठाच्या खाली निघालेल्यांची यादी घेऊन कुणी पाठपुरावा केला, तर माझ्या मते त्या एका यादीतून शहरातल्या शंभर पॅकेजांहून जास्त कामाचं काही निघेल.

पुढची जबाबदारी नंदुरबारची. तिथे २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. याच जिल्ह्यानं कोरोनाच्या दुसऱ्या लाटेआधीच ऑक्सिजनचे प्रकल्प उभारून राज्याला चकित केलं होतं, तेव्हा जिल्हाधिकारी राजेंद्र भारूड होते, स्वतः डॉक्टर आणि भिल्ल समाजातले. आठवड्यातून ठरलेल्या एका वारी दुर्बीण, आदल्या रात्री दाखल, भिली किंवा पावरी बोलणारी परिचारिका आणि तुकडे वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ, एवढी मागणी ऑक्सिजनच्या मानानं किरकोळ आहे.

यातली सगळ्यात कच्ची कडी तुकड्याच्या अहवालाची आहे. अहवाल यायला चार-सहा दिवस लागतात. तोवर माणूस घाट चढून परत गेलेला असतो, दिलेला मोबाइल पुतण्याचा असतो आणि पुतण्या सुरतेत. 'अहवाल घेऊन दाखवायला या' असं डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. गाठ काढली असेल तर पुढची तपासणी कधी, हेही त्याच अहवालावर ठरतं: एक-दोन लहान साध्या गाठी असतील तर सात ते दहा वर्षांनी, एक सेंटिमीटरहून मोठी असेल तर तीन वर्षांनी. टीबी निघाला तर औषध उद्यापासून हवं. तेव्हा अहवालाची एक प्रत थेट मोलगीच्या रुग्णालयात जावी आणि तिथून आशाताईमार्फत पाड्यावर. रुग्णानं पत्ता सांगताना गावासोबत पाड्याचं नाव सांगितलं पाहिजे आणि नोंदणी करणाऱ्यानं ते लिहून घेतलं पाहिजे, नुसतं 'मु. पो. काठी' लिहिलं तर डोंगरभर पसरलेल्या पाड्यांत आशाताई त्याला शोधणार कुठे?